चाडं, नाडा, धोटा : ग्रामीण कारागिरी दालनाच्या कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळी आटोपली आणि वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांची किल्ली आज हातात आली. जुने अंक, मोडकी बाकं, गंजलेला पंखा बाहेर काढण्यात दुपार गेली. पहिली खोली शेतीची, दुसरी विणकामाची, एवढं पक्कं. बांधकाम दगडी, भिंती जाड, त्यामुळं सोलापूरच्या एप्रिल-मेतल्या ४२-४३ अंशांतही आत बरं असतं. पण पश्चिमेच्या खिडकीतून चार वाजल्यापासून ऊन थेट आत येतं. त्या बाजूला एकही कापड ठेवायचं नाही. कापडाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेड नको. उडालेला रंग परत आणता येत नाही.

उत्तर सोलापूर, मोहोळ, अक्कलकोट, सांगोला इथून आतापर्यंत ६३ वस्तू आल्या आहेत. संध्याकाळी यादी करायला बसले आणि मन खट्टू झालं. निम्म्या वस्तूंपुढं मी 'लाकडी दांडा', 'लोखंडी कडी', 'दोर' असंच लिहून ठेवलंय. त्या दांड्याला नाव आहे. त्या कडीलाही आहे. मला ते येत नाही, आणि ज्यांना येतं ती माणसं सत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत. लाकूड अजून पन्नास वर्षं टिकेल. नावांना तेवढी सवड नाही.

कामाचा क्रम आजपासून बदलला. आधी नावं, मग मांडणी.

१७ नोव्हेंबर

आज तिफण, म्हणजे पेरणीचं अवजार. ही तिफण आमच्याकडं यायच्या आधी एका संस्थेच्या आवारात शोभेला उभी होती. तिथं कुणीतरी हौसेनं तिला हिरवा-पिवळा ऑइलपेंट फासला. फण, नळ, दांडी, सगळं एकाच ब्रशनं. पहिल्यांदा पाहिली तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आज ओल्या बोळ्यानं धूळ पुसताना रंगाखाली बोट फिरवलं तर रुमण्याची मूठ गुळगुळीत लागली. कुणाचा तरी तळहात तिथं वर्षानुवर्षं घासला गेलाय, ती झीज रंगाखाली झाकली गेलीय.

मोहोळकडच्या आज्जींना त्यांचा नातू गाडीवर घेऊन आला. दारातून आत येता येता त्या तिफणीकडं गेल्या, खाली बसल्या आणि चाड्यात मूठ घातली. मी काही विचारायच्या आतच.

चाडं म्हणजे वरची लाकडी वाटी. तिच्या तळाशी तीन भोकं, प्रत्येक भोकातून एक पोकळ नळ खाली फणात उतरतो. बैल चालत असतात, फण तास ओढत असतात आणि चाड्यावरची मूठ बी सोडत असते. मूठ सैल झाली तर दाट पडतं, आवळली तर खाडे पडतात. बैलाचं पाऊल आणि मूठ यांची चाल एक असावी लागते. आज्जी म्हणाल्या, "बघायचं नस्तंय पोरी. बघितलं की चुकतंय. बोटाला कळतंय किती गेलं ते." त्यांनी मूठ कशी धरायची ते माझ्या हातात ज्वारी देऊन दाखवलं. अंगठा आत, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधून दाणा सुटतो. मी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा ढीग पडला.

'चाड्यावर मूठ धरणे' म्हणजे पेरणीला सुरुवात करणे, हे मी शाळेपासून वाचत आले. चाडं आज पहिल्यांदा हातात आलं.

आज्जींनी मालदांडीची गोष्टही काढली. ही ज्वारी मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक वाणातून निवडून काढलेली, सगळ्या महाराष्ट्राच्या रब्बी रानात ती गेली. पण आज्जींच्या लेखी ती 'आमची' ज्वारी. फलकावर त्यांचा शब्द तसाच घेते.

रंगाचं असं ठरवलं: सगळा काढायचा नाही. रुमणं आणि चाडं एवढेच भाग हलक्या हातानं मोकळे करायचे, बाकी रंग राहू द्यायचा आणि तो कधी नि का लागला हे फलकावर लिहायचं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, दारं पाहताना डोळा नक्षीवर खिळतो. आमच्या वस्तूंवर नक्षी नाही. झीज आहे. ती दिसली पाहिजे, म्हणून दिवा समोरून न लावता बाजूनं तिरका लावणार.

आज मिळालेली नावं: रुमणं, दांडी, फण, नळ, चाडं. कुळवाची (पेरणीआधी रान भुसभुशीत करायचं अवजार): दिंड, जानवळी, फास. अक्कलकोटच्या मावशीला फोन केला. तिच्याकडं कानडीत तिफणीला 'कूरिगे' आणि कुळवाला 'कुंटे' म्हणतात. तीही लिहून घेतली.

२४ नोव्हेंबर

मोट, बैलांनी विहिरीचं पाणी उपसायची. आजचा दिवस जड गेला, पण नोंद नीट ठेवते.

वस्तू अशी: चामड्याची सोंडेची मोट, तोंडाला लोखंडी कडं, एका बाजूला थिगळ. सोबत नाड्याचा तुकडा. मोटेला दोन दोर असतात. जाड तो नाडा, विहिरीवरच्या चाकावरून तोंडाला. बारीक तो सोंदूर, खालच्या रुळावरून सोंडेला. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतरत्या वाटेवरून, उतरत जातात तशी मोट वर येते. सोंड तोवर वर दुमडलेली असते, म्हणून पाणी सांडत नाही. काठावर आली की सोंदूर सोंडेला थारोळ्याकडं (विहिरीच्या काठावरचा हौद) ओढतो, सोंड सरळ होते आणि पाणी भसकन थारोळ्यात. तिथून पाटानं रानात. हे सगळं नुसत्या दोन दोरांच्या लांबीच्या हिशोबावर चालतं. एक वीत फरक पडला तरी मोट काठाच्या खालीच रिकामी होईल. शाळेच्या मुलांना हे छोट्या नमुन्यावर करून दाखवता येईल. डबा, रबरी नळीचा तुकडा आणि दोन दोऱ्या लागतील.

चामडं वाळून लाकडासारखं झालंय. मोट देणारे काका करडईचं तेल घेऊनच आले होते. पूर्वी तेच लावायचे, आणि वापरातल्या मोटेला ते बरोबरच होतं. पण आता ती पाण्यात जाणार नाही. तेल चिकट होऊन धूळ धरेल, चामडं काळं पडेल. काकांना समजावलं, पटलं. आतून धुतलेल्या सुती कापडाचे बोळे भरून तिला आकार दिला. लटकवायची नाही, स्वतःच्या वजनानं फाटेल. आडवी, खाली आधार देऊन.

मग फलकाचा मजकूर. मी लिहिलं होतं: 'मोट. विहिरीतून पाणी काढण्याचे साधन.' समोर शहरातच राहणारे एक निवृत्त गृहस्थ बसले होते. त्यांच्या वडिलांनी काकांच्याच भागातल्या गावांत मोटा शिवल्या. कातडं कसं कमवायचं ते त्यांनीच सांगितलं: आधी चुन्याच्या कुंडात, केस सुटले की खरवडून, मग बाभळीच्या आणि तरवडाच्या सालीच्या पाण्यात कितीतरी दिवस. वास अंगातून जात नसे. ढोर समाजाचं हे काम, नाडा वळायचं काम मातंगांचं. बोलता बोलता ते थांबले आणि म्हणाले, "मॅडम, एक गोष्ट लिहा. माझ्या वडिलांनी शिवलेली मोट रोज त्या विहिरीत उतरायची. वडील उतरू शकत नव्हते. घागर घेऊन लांब उभे राहायचे, कुणी वरून पाणी ओतलं तर."

काकांना अवघडल्यासारखं झालं. "जुनं झालं ते, आता कशाला?" हा प्रश्न त्यांनी वाईट हेतूनं विचारला नाही, मला माहीत आहे. त्यांच्याच विहिरीची मोट ती. बराच वेळ कुणी बोललं नाही. चहा आला. नंतर काकाच म्हणाले, "लिहा. पण आमच्या विहिरीचं नाव नको." नाव लिहिणार नाही. वाक्य लिहिणार. बलुतेदारीचं चित्र आपण फार गोड रंगवतो: सुतारानं नांगर दिला, लोहारानं फाळ दिला, खळ्यावर सगळ्यांना धान्य मिळालं. धान्य मिळत होतं, हे खरं. पाणी मागून घ्यावं लागत होतं, हेही खरं. दोन्ही एकाच फलकावर, एकाच आकाराच्या अक्षरात.

१ डिसेंबर

नोंद क्रमांक टाकण्याचं काम. लाकूड-लोखंडावर आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक रोगणाचा पातळ थर, त्यावर काळ्या शाईनं आकडा, वर पुन्हा थर. म्हणजे पुढं पुसायचा झाला तर वस्तूला धक्का न लागता निघतो. कापडावर सुती फितीची पट्टी, चार सैल टाके. २८ वस्तू झाल्या.

८ डिसेंबर

घोंगडी उलगडली आणि कसर निघाली. पाचपैकी दोन घोंगड्यांना. एक जावळाची आहे, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची, हाताला मऊ लागते. तिच्याच कडेला बोटभर भोकं. कडुलिंबाचा पाला सगळेच सांगतात आणि आमच्या आईच्या ट्रंकेतही तो असायचाच, पण आत घातलेली अंडी त्यानं जात नाहीत. ऊन दाखवायचं तर रंग जातो.

थंडीचा उपाय केला. ओळखीच्या एका दूध-आइस्क्रीम विक्रेत्यानं मोठ्या फ्रीजरचा एक कप्पा रिकामा करून दिला. घोंगड्या जाड प्लॅस्टिकमध्ये, हवा काढून, चिकटपट्टीनं पूर्ण बंद. उणे १८ ते २० अंश, १४ दिवस. २२ तारखेला काढायच्या, आणि काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही. घाई केली तर बाहेरच्या हवेतली वाफ लोकरीवर जमते. त्यांच्या दुकानातल्या मुलाला हे दोनदा सांगून आले, पिशवीवर तारीखही लिहिली.

१५ डिसेंबर

साखर पेठेतले आमचे अण्णा आले. ऐंशीला टेकलेत. त्यांचे आजोबा तेलंगणातून आले. घरात तेलुगू, बाहेर मराठी. १८७७ ला जुनी गिरणी निघाली आणि सोलापूर भोंग्यावर उठायला लागलं, पण पूर्वभागात हातमाग त्याच्याही आधीपासून होते आणि गिरण्या बंद पडल्यावरही राहिले. अण्णांनी आधी खड्डामागावर (खड्ड्यात पाय सोडून बसायचा हातमाग) लुगडी विणली, मग जेकार्डवर (भोकांच्या पुठ्ठ्यांनी नक्षी उठवणारा माग) चादरी, मग यंत्रमाग. त्यांच्या बोटांवर त्या तिन्ही कामांच्या खुणा आहेत.

दुसऱ्या खोलीच्या माझ्या आराखड्यावर त्यांनी पेन्सिल फिरवली. मी लिहिलं होतं 'धोटा', म्हणजे आडवा धागा इकडून तिकडं नेणारं साधन. त्यांनी शेजारी लिहायला लावलं 'नाडे'. खड्डामाग म्हणजे 'गुंट मग्गम्'. ताणा (उभे धागे) 'पडुगु', बाणा (आडवा धागा) 'पेका', फणी 'अच्चु'. मी अक्कलकोटच्या मावशीला पुन्हा फोन लावला, स्पीकरवर ठेवला. तिच्या कानडीत धोटा म्हणजे 'लाळी', ताणा-बाणा म्हणजे 'हासु-होक्कु'. अण्णा आणि मावशी एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, पण वीस मिनिटं धोट्यावर बोलत होते, मराठीतून.

इथंच ठरलं: सगळे फलक मराठी, तेलुगू, कानडी अशा तीन भाषांतले, तिन्ही देवनागरीत. कुणीतरी शंका काढली की एवढं वाचतंय कोण. आपल्याच जिल्ह्यात, भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडलच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. जो वाचील तो विजयी होईल, असं त्या दगडावर कोरून ठेवलंय. मी तेवढंच सांगितलं आणि कामाला लागलो.

जेकार्डचे पुठ्ठे अण्णांनी दिले, चाळीसेक, दोऱ्यानं एकापुढं एक शिवलेले. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची एक ओळ. भोक असेल तिथला हूक उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिच्यावरचा मोर आधी या भोकांत असतो हे फार थोड्यांनी पाहिलंय. एक पुठ्ठा काचेत न ठेवता दोरीला मोकळा बांधणार, मुलांनी उजेडाला धरून पाहावा म्हणून.

२३ डिसेंबर

घोंगड्या उघडल्या. कोरड्या, ठणठणीत. मऊ ब्रशनं मेलेली अळी झाडली. भोकं रफू करणार नाही.

३० डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. काम बंद. मावशीच्या रानात गेलो. ज्वारी कमरेच्या वर, कडब्याच्या कोपीत पूजा, मग आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. मावशीच्या गड्यानं बांधावर पडलेला एक जुना लाकडी तुकडा दाखवला. मी पाहिला आणि नाव सांगितलं: जानवळी. तो हसला, "शिकलाव की!" दीड महिन्यात एवढं तरी झालं.

५ जानेवारी २०२५

सांगोल्याकडून घोंगडं विणणारे मामा आले. चार दिवस राहणार. माग बसवायचा प्रश्न होता: खड्डामागाला खड्डा हवा आणि वाचनालयाची फरशी फोडायला समितीची परवानगी नाही. म्हणून अडीच फूट उंचीचा लाकडी चौथरा केला, त्यातच खड्डा. मामांनी पाय सोडून बसून पाहिलं आणि मान हलवली. "पाय बसलं, पण गारवा नाही." जमिनीतल्या खड्ड्याची ओल सुताला मिळते, सूत चिवट राहतं, आपल्या कोरड्या हवेत लाकडी खड्ड्यात ते तुटणार. ओलं पोतं टाकावं तर वाळवी लागेल. शेवटी पत्र्याचा उथळ ट्रे पाणी भरून खाली ठेवला. रोज बदलायचं, डास नकोत.

रात्री ताण्याला लावायच्या खळीची तयारी. चिंचोके लोखंडी कढईत भाजायचे, तडतडायला लागले की काढायचे. वरची तांबडी साल कुटून पाखडायची. आतला पांढरट डाळा भिजत घालायचा.

६ जानेवारी

पहाटे साडेपाचला वाचनालयाच्या बोळात दोन खांबांमध्ये ताणा लावला. भिजलेले चिंचोके वाटून मोठ्या पातेल्यात शिजवले; ढवळताना पळी जड होत जाते आणि कडेला चकाकी यायला लागली की खळ झाली. मामा ती बोटांत घेऊन ताणून पाहायचे. तार तुटली की "अजून". चौथ्यांदा तार धरली.

पांजणी सुरू. कुंचा खळीत बुडवून ताण्यावरून एकाच दिशेनं ओढत न्यायचा, मग उलट्या बाजूनं कोरडा. लोकरीचे सुटे केस धाग्याला चिकटून बसतात, धागा गोल होतो. ऊन चढायच्या आत संपवायचं, नाहीतर कडक होऊन मोडतो. बोळातून जाणारे दूधवाले, शाळेची मुलं थांबून पाहत होती. नवं घोंगडं पुठ्ठ्यासारखं ताठ का असतं, हे मला आज कळलं. दख्खनी मेंढीची राठ लोकर आणि ही खळ.

७ आणि ८ जानेवारी

माग चालला. मी व्हिडिओ घेतलाच, पण सगळ्यात जास्त उपयोगी पडेल ते आवाजाचं ध्वनिमुद्रण. हत्या (बाणा ठोकून बसवायची मागाची चौकट) बसतो त्याचा जड ठोका आणि दोन ठोक्यांच्या मध्ये धोटा हातातून हातात जातो तेवढी शांतता. मामांचा ठोका सारखा पडतो. मी बसले तर पहिल्या वितीतच किनार आत ओढली गेली. बाणा फार ताणला की असं होतं. मामांनी तो भाग उसवला नाही. म्हणाले, "राहू द्या, पोरांना दाखवायला बरं. हितनं तुमचं, हितनं माझं."

खरंच तसं दिसतंय. बोटभर कमरेत आवळलेला पट्टा, आणि त्यापुढं सरळ काठ.

कापड गुंडाळायच्या दांड्याला मामा 'तूर' म्हणतात. अण्णांचा तेलुगू शब्द विचारायचा राहिलाय.

१२ ते १६ जानेवारी

गड्ड्याची यात्रा, सोलापूरच्या सिद्धेश्वरांची. सातही नंदीध्वज, अक्षता सोहळा, कामाला कोण येणार? सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लावून घेणारी ती कुंभारकन्या. हा सगळा सोहळा तिच्या लग्नाचा. आमच्या दालनात कुंभाराची एकच वस्तू आहे, खापराचा तवा. ही उणीव यात्रेतच टोचली. फेब्रुवारीत कुंभारवाड्यात जायचं: चाक, आवा (मडकी भाजायची भट्टी), आणि नावं.

१९ जानेवारी

फलक छापून आले. मोटेचं वाक्य मध्येच कापलं गेलं होतं, ओळ मावली नाही म्हणून छापणाऱ्यानं शेवटचा भाग गाळला. परत छापायला दिला. दोन दिवस गेले तरी चालेल.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर दालन उघडं ठेवलं. उद्घाटन, हार, भाषण काही नाही. ज्यांनी वस्तू आणि शब्द दिले त्यांना बोलावलं होतं. मोहोळच्या आज्जी चाड्यापाशी खुर्ची टाकून बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मुठीत ज्वारी दिली. खाली सतरंजीवर दाण्यांचे ढीग. मोटेचे काका आणि ते निवृत्त गृहस्थ एकाच वेळी आले. दोघं फलकासमोर उभे राहिले, वाचलं. काय बोलले ते मी ऐकलं नाही, लांब होते. नंतर दोघं सोंदराची लांबी मोजत होते. नमुन्यातली मोट काठाखालीच रिकामी होत होती, दोरी चार बोटं आखूड केल्यावर बरोबर आली.

पूर्वभागातली एक सातवीतली मुलगी मागासमोर थांबली. फलक वाचायच्या आधीच आईला म्हणाली, "अम्मा, नाडे!" अण्णा कोपऱ्यातून उठून आले.

मंगळवारची कामं: ट्रेमधलं पाणी बदलणं. खळीला वास यायला लागलाय, नवी करणं; अर्धा किलो चिंचोके आणले आहेत. खिडकीचा पडदा एक वीत कमी पडतोय. अण्णांना 'तूर' विचारणं.